कॉम्ब्रुकच्या चढावरचं चकचकीत चाक

१

रविवारी कॉम्ब्रुकच्या चढाच्या शर्यतीत इमोजेन पार्जिटरची गाडी दुसऱ्या वळणाला आली तेव्हा मी गवताच्या भाऱ्यांमागे पिवळा बावटा घेऊन उभा होतो. आधी आवाज बदलला. मग मागचं उजवं चाक खाली बसलं. ते निखळलं नाही, पंक्चरही झालं नाही. वेताची टोपली पायाखाली यावी तसं ते एका अंगाला चेपलं, आणि १९५६ सालची ती हिरवी, उघड्या टपाची गाडी वळण सोडून कुंपणात आडवी झाली.

इमोजेन शुद्धीवर होती. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि गळ्याजवळचंही. तिला रुग्णवाहिकेत ठेवत होते तेव्हा ती म्हणाली, "हंफ्री, मी वळण बरोबर घेतलं होतं ना?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा मी, हंफ्री टॉलिस, सेक्रेटरी. त्याआधी आयुष्यभर पोरांना भूगोल शिकवला. तिलाही.

तेवढ्यात तिचे वडील नॉर्मन पार्जिटर चढ चढून धापा टाकत आले. गाडी त्यांची. विलेनहॉलला त्यांचा कुलपांचा कारखाना होता, आता विकलाय. त्यांनी गवतातून चाकाचा एक तुटका स्पोक उचलला. ह्या गाड्यांची चाकं सायकलसारखी तारांच्या स्पोकची असतात, फक्त जाडजूड. पार्जिटरांची चारही चाकं क्रोमचा मुलामा दिलेली, आरशासारखी.

"कापलेत!" ते ओरडले. "माझ्या पोरीच्या चाकाचे स्पोक कापलेत कुणीतरी!"

आणि त्यांनी थेट लेनॉक्स बेकफर्डकडे बोट केलं.

लेनॉक्स त्यांचा मेकॅनिक. आदल्या संध्याकाळी दोघांचं वाजलं होतं, आणि लेनॉक्सचं शेवटचं वाक्य सगळ्या मैदानानं ऐकलं होतं: "ह्या चकचकीत चाकांवर तिला चढावर पाठवाल तर पस्तावाल, साहेब!"

काहींनी हळूच ऑब्री सिल्व्हेस्टरकडेही पाहिलं. दर वर्षी इमोजेनच्या मागे दुसरा येणारा हा गृहस्थ. शनिवारी तो पार्जिटरांच्या तंबूपाशी घुटमळताना दिसला होता.

मी कुणाकडेच पाहिलं नाही. मला वेगळीच गोष्ट छळत होती, आणि ती सांगितली तर लोक मला वेड्यात काढतील अशी भीती वाटत होती.

२

विमा कंपनीची इंजिनिअर मंगळवारी आली. थेल्मा ब्रॅडनॉक. पन्नाशीची, ठेंगणी, कडक ऊन पडलेलं असताना अंगात रेनकोट. मोडकं चाक क्लबच्या शेडमध्ये ठेवलं होतं. ती त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली आणि पिशवीतून चीजचा पाव काढून खाऊ लागली.

"टॉलिस, तुम्ही काय पाहिलंत ते नको मला," ती म्हणाली. "पाहिलेलं सगळेच सांगतायत. ऐकलंत काय ते सांगा."

मी दचकलो. मग सांगून टाकलं.

रविवारी पहाटे पार्जिटरांच्या तंबूबाहेर मी चहा घेऊन बसलो होतो. येणारेजाणारे गाडीला हात लावतात म्हणून नॉर्मननी मला बसवलं होतं. आत गाडी होती, तंबूची चेन लावलेली. आणि आतून आवाज आला. टिंग. काचेच्या पेल्यावर चमचा मारावा तसा. मी चेन उघडून पाहिलं. कुणी नव्हतं. गाडीखाली वाकून पाहिलं. कुणी नाही. परत येऊन बसलो, चहा संपवला, आणि पुन्हा टिंग.

"लगेच का नाही बोललात?"

"काय बोलू, बाई? म्हणाले असते, मास्तर पहाऱ्यावर झोपले आणि स्वप्न पाहिलं."

ती हसली नाही. तिनं भिंग माझ्या हातात दिलं. "हा तुटलेला स्पोक बघा. ओढून तुटला असता तर तुटायच्या आधी बारीक झाला असता, टॉफी ताणल्यासारखा. करवतीनं कापला असता तर रेघा दिसल्या असत्या. आहे का काही?"

नव्हतं. तुटलेलं तोंड सपाट आणि रवाळ होतं, साखरेचा खडा फोडावा तसं.

"आता हे दोन."

ह्या दोघांची तोंडं मात्र गुळगुळीत होती.

"दोन्ही तुकडे एकमेकांवर घासलेत," थेल्मा म्हणाली. "म्हणजे हे दोन वळणावर तुटलेच नाहीत. इमोजेन निघाली तेव्हाच ते तुटलेले होते. नुसते जागेवर धरून होते. त्यांचा भार बाकीच्यांवर आला आणि वळणावर सगळे एकदम गेले."

"म्हणजे माझी ती टिंग..."

"तुमच्या दोन टिंगा."

"पण बाई, तंबूत कुणीच नव्हतं!"

"तेच तर!" ती म्हणाली, आणि भेट उघडताना माणसाचा चेहरा होतो तसा तिचा झाला.

३

लेनॉक्सचं गॅरेज वुल्व्हरहॅम्प्टनला रेल्वेच्या कमानीखाली आहे. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मधला भाग रिकामा होता.

"या मास्तर," तो म्हणाला. "खुनी बघायला आलात? तिकीट लावणार आहे मी."

"लेनॉक्स, असं काय बोलतोस."

"मी कुठे बोलतोय? लोक बोलतायत. काल दोघं येऊन गाड्या घेऊन गेले. एकाचं इंजिन खोललेलं होतं, तरी टो करून नेलं. आईचा चर्चमधला ग्रुप आहे ना, तिथेही विचारलं तिला, तुझा मुलगा असा कसा निघाला." त्यानं थेल्माकडे पाहिलं. "ह्या कोण? पोलीस?"

"विमा. त्याहून वाईट," थेल्मा म्हणाली. "पस्तावाल असं का म्हणालात?"

"कारण मला रंगवलेली चाकं आवडतात. रंगाला तडा गेला की गंजाची रेघ दिसते, कळतं काहीतरी बिघडलंय. क्रोमखाली काय चाललंय ते देवाला ठाऊक. इमोजेनला आठ वर्षांची असल्यापासून ओळखतो मी. मग ओरडणार नाही तर काय?"

"शनिवारी चाकं तपासलीत?"

"एकेका स्पोकवर पाना वाजवला. चांगला स्पोक गातो, तुटका ठप्प बोलतो. सगळे गात होते. मागच्या उजव्या चाकाचे थोडे सैल वाटले, ते आवळले." तो थांबला. खालच्या आवाजात म्हणाला, "तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मी जास्त तर नाही ना आवळले?"

थेल्मानं विचारलं, "चाकं बसवली तुम्हीच?"

"नाही, तीच तर गंमत. मी गेलो तेव्हा चारही चढलेली. पार्जिटरसाहेबांनी स्वतः काढून, धुऊन, पुसून बसवली म्हणे. ज्या माणसानं उभ्या जन्मात चहाचा कप विसळला नाही, त्यानं!"

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सिल्व्हेस्टरकडे जायचं ना आता? तो तंबूपाशी काय करत होता?"

"फोन केला होता मी. नॉर्मनच्या चाकांची चमक बघत होता म्हणे. स्वतःच्या गाडीचीही तशीच करून घेतलीय, कुठली जास्त चमकते ते त्याला बघायचं होतं." ती गाडीचं दार उघडता उघडता थांबली. "टॉलिस, ही चाकं क्रोम कुणी केली होती?"

४

मेव्ह डनफीचं क्रोमचं दुकान बर्मिंगहॅमला, जुन्या दागिन्यांच्या पेठेच्या मागच्या अंगाला आहे. आत टाक्यांवर मोठे पंखे घोंघावत असतात. क्रोमच्या नारिंगी द्रावणाची वाफ छातीत जाणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून पंखा बंद झाला की मेव्ह सगळ्यांना रस्त्यावर काढते. त्यामुळे तिथे प्रत्येक गोष्ट ओरडून बोलावी लागते.

"तुम्ही म्हणता माझ्या चाकानं ती पोरगी पडली?" मेव्ह ओरडली.

"तुम्ही स्पोक भाजायला विसरलात का, एवढंच विचारतेय!" थेल्माही ओरडली.

मेव्हनं तोंडावरचा मास्क काढला. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी? विसरेन?"

मला काहीच कळेना. "भाजायचं म्हणजे काय?"

"हे बघा मास्तर, धोका चमकेत नसतो, त्याच्या आधीच्या आम्लात असतो," मेव्ह म्हणाली. "जुना थर, गंज काढायला पोलाद आम्लात बुडवावं लागतं. त्यातून हायड्रोजन सुटतो. थोडा बुडबुडे होऊन वर जातो, थोडा पोलादात शिरून बसतो. मऊ पत्र्याचं त्यानं काही बिघडत नाही. पण स्पोकचं पोलाद कडक, त्यात सतत ताणलेलं. तो वायू त्याला आतून ठिसूळ करतो. वरून आरसा. मग एक दिवस, कुणी हात न लावता, उभ्या उभ्या तुटतो."

"कुणी हात न लावता?" मी म्हणालो. "आवाज येतो का त्याचा?"

"येतो की. काचेसारखा."

थेल्मानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी झोपलो नव्हतो, वेडाही नव्हतो.

"म्हणून आम्ही चाक सोडवतो," मेव्ह पुढे म्हणाली. "स्पोक सुटे करतो, क्रोम झालं की लगेच भट्टीत घालून तासन्‌तास भाजतो. वायू निघून जातो. मग पुन्हा चाक विणायचं. पार्जिटरांची चाकं गेल्या हिवाळ्यात अशीच केली. दाखवा ते, माझ्यावर आळ घेताय तर."

आम्ही गाडीतून दोन चाकं आणली, मोडकं आणि पुढचं एक धड. मेव्हनं मोडक्या चाकावर बोट फिरवलं, जिथे दोन स्पोक एकमेकांना टेकून जातात तिथे थांबली, आणि म्हणाली, "हे माझं काम नाही."

"सगळे असंच म्हणतात," थेल्मा म्हणाली.

"म्हणू देत. इथे बघा. स्पोक टेकतात त्या जागी वरचा थर पोचलेलाच नाही. खाली दुसरा थर दिसतोय, तो माझा. म्हणजे कुणीतरी सबंध चाक, विणलेलं तसंच, आम्लात बुडवलंय आणि वरून पुन्हा चमकवलंय. आता धड चाक बघा. टेकतात तिथेही क्रोम सगळीकडून सारखं."

थेल्मानं पिशवीतून जाडी मोजायचा चिमटा काढला. मोडक्या चाकाच्या रिमची बाहेरची कड ती वीत वीत अंतरावर मोजत गेली. एका जागी कड पातळ होती. तिथे पत्रा घासून सपाट केला होता.

"काही महिन्यांपूर्वी चमकवलेलं चाक पुन्हा कोण चमकवेल?" मी विचारलं.

"ज्याला त्याच्यावरचा ओरखडा लपवायचाय तो," थेल्मा म्हणाली.

५

शनिवारी सकाळी आम्ही पार्जिटरांच्या घरी गेलो. फाटकाशी दोन दगडी खांब आहेत. थेल्मा आत न जाता तिथेच उभी राहिली. डावा खांब शेवाळलेला, काळपट. उजवा नुकताच पांढरा रंगवलेला.

"एकच खांब रंगवायला काढावा असं का वाटलं असेल?" ती म्हणाली. गुडघ्याएवढ्या उंचीवर तिनं नखानं रंग खरवडला. खाली दगडात कमानीसारखी, घासल्याची ताजी खूण होती.

नॉर्मन दारात आले. आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागले होते. "पकडलं का त्याला?"

"मिस्टर पार्जिटर, तुम्ही गाडी चालवणं कधी सोडलंत?"

"ख्रिसमसला. डोळ्यांमुळे. डॉक्टर म्हणाले, इमोजेननं किल्ली काढून घेतली." त्यांचं लक्ष थेल्माच्या बोटांकडे गेलं. नखांत पांढरा रंग होता. ते पायरीवरच खाली बसले.



"शर्यतीच्या आदल्या आठवड्यात एक सकाळ सुरेख होती," नॉर्मन म्हणाले. "इमोजेन कामावर गेलेली. गल्लीच्या टोकापर्यंतच जाऊन आलो. शेवटी फाटकात शिरताना खांब दिसलाच नाही."

"आणि किल्ली?" मी विचारलं.

"जन्म कुलपांत गेलाय माझा, हंफ्री."

"मग चाक?" थेल्मानं विचारलं.

"मेव्हकडे नेलं असतं तर तिनं इमोजेनला सांगितलं असतं. एक माणूस भेटला, औद्योगिक वसाहतीत शेड आहे त्याची. म्हणाला, सोडवायबिडवायची भानगड नको, सबंध बुडवतो, उद्या घेऊन जा. छान झालं होतं हो. ओरखडा कुठे होता ते मलाच सापडेना."

थेल्मानं त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. आम्ल, वायू, पहाटेचे दोन आवाज. ते खाली मान घालून ऐकत होते.

"चढावर पाहिलं तेव्हाच कळलं मला, हे तेच चाक," ते म्हणाले. "पण चमकवण्याचा आणि तुटण्याचा काय संबंध, असं स्वतःला बजावलं. कुणीतरी कापलंच असणार. आणि लेनॉक्स समोर उभा होता."

मला त्यांचा राग आला होता.

थेल्मा मात्र एकदम उभी राहिली. "त्या शेडमध्ये दुसऱ्या कुणाची चाकं होती?"

नॉर्मननी मान वर केली.

"मिस्टर पार्जिटर!"

"ऑब्रीची. मीच पाठवलं त्याला तिकडे. आमची चाकं एकाच दिवशी झाली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हंफ्री, आज त्याच्या भाचीचं लग्न आहे. नवरीला तो त्याच गाडीतून नेणार आहे."

६

ऑब्रीनं फोन उचलला नाही. चर्चपाशी पोचलो तेव्हा नवरी अजून तिच्या घरीच होती. ऑब्री कोटाच्या खिशात फूल खोचून, तिला आणायला निघण्याआधी फडक्यानं बॉनेट पुसत उभा होता. पांढऱ्या फिती लावलेली गाडी चमचमत होती.

"आधी फोनवरून उलटतपासणी, आता लग्नात?" तो म्हणाला. "हंफ्री, तुला तरी लाज वाटायला हवी."

"चावी दे, ऑब्री," मी म्हणालो.

"का म्हणून?"

थेल्मा रेनकोटासकट रस्त्यावर गुडघे टेकून बसली होती. एकेका स्पोकवर ती पाना वाजवत पुढे सरकत होती. पहिल्या चाकाचे सगळे गायले. दुसऱ्याचे गायले. तिसऱ्या चाकाचा एक ठप्प वाजला. तिनं तो दोन बोटांत धरला आणि हलवला. तो सैल दातासारखा हलला.

"आत्ताच घरून आणलीय मी," ऑब्री म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "कुणी जवळसुद्धा आलं नाही. शप्पथ. कुणी हातसुद्धा लावला नाही."

"माहितीय," थेल्मा म्हणाली. "तुमच्यावरचा संशय मी मागे घेते."

नवरीला मी माझ्या जुन्या गाडीतून आणलं. मागच्या सीटवर कुत्र्याचे केस होते. ती म्हणाली, काही बिघडत नाही, तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडे दोन कुत्रे आहेत. त्या वसाहतीतल्या शेडवर थेल्मा दुपारी स्वतः गेली, आणि तिथून गेलेल्या प्रत्येक चाकाच्या मालकाला सांगितल्याशिवाय घरी परतली नाही.

७

"इमोजेनला तुम्ही सांगणार की मी?" थेल्मानं नॉर्मनना विचारलं होतं.

ते स्वतः गेले. मी वॉर्डाच्या दाराशी थांबलो. ऐकायचं नव्हतं, पण ऐकू आलं. त्यांनी काही लपवलं नाही. गल्लीची सकाळ, खांब, शेड, लेनॉक्सकडे दाखवलेलं बोट, सगळं सांगितलं.



"डॅड, ओरखड्यासकट चालवली असती मी," इमोजेन म्हणाली. "तुम्ही चालवलीत म्हणून चिडले असते. ओरडले असते. पण चालवली असती."

"हो गं."

"आणि हे मला आधी का सांगताय? मी इथे पडून आहे, कुठे जात नाही. लेनॉक्सकडे जा."

रेल्वेच्या कमानीखाली लेनॉक्स रिकाम्या गॅरेजात झाडू मारत होता. नॉर्मन दारात उभे राहिले. मनात जुळवून आणलेलं सगळं त्यांनी सांगितलं, अडखळत, मधलं विसरत. स्पोक आवळल्यामुळे काही झालं नाही, ते आवळण्याआधीच आतून ठिसूळ झालेले होते, हेही सांगितलं. त्या वाक्याला लेनॉक्सचा झाडू थांबला.

"हे ब्रॅडनॉकबाई म्हणाल्या?"

"त्यांनीच सांगायला सांगितलं."

लेनॉक्सनं श्वास सोडला. पण चेहरा मऊ केला नाही. "तुम्ही चढावर माझं नाव घेतलंत, साहेब. सगळ्यांसमोर. इथे मास्तरांसमोर माफी मागून ते पुसलं जातं का?"

"नाही," नॉर्मन म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "मला आकडे दिसत नाहीत. ज्यांनी गाड्या परत नेल्या त्यांचे नंबर तू लाव. बोलतो मी."

लेनॉक्सनं नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"पार्जिटर बोलतोय. ते चाक लेनॉक्समुळे मोडलं नाही. माझ्यामुळे मोडलं. मी लपवाछपवी केली आणि त्याच्यावर ढकललं." पलीकडचा माणूस बरंच काही बोलत होता. नॉर्मननी ते सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं. पण गाडी त्याच्याकडे परत आणा."

फोन ठेवून त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"पुढचा लाव," ते म्हणाले. "आणि तो झाला की तुझ्या आईचा."

लेनॉक्सनं त्यांच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं स्टूल पायानं त्यांच्याकडे सरकवलं आणि पुढचा नंबर लावला.